पालथी टोपली

नंदा घरतने दोन लड्या आणून दिल्या, पिस्ता रंगाच्या.
लेबलावर लिहिलेलं: शंभर टक्के बांबू.
"तुमचंच की," म्हणाली,
आणि डोक्यावरची ओढणी सारखी केली.
लोकरीनं टाळू खाजते,
सुती टोपी घामानं कडक होते,
खारघरच्या सिस्टर म्हणाल्या, बांबूचं सूत बघा.

मी बुरुडाची.
जांभळी नाक्यामागच्या बोळात
कोयत्याच्या ठेक्यावर पाढे पाठ केले.
बांबू म्हणजे फास.
बांबू म्हणजे सुईनं टोकरलेलं बोट, त्यावर हळद,
आणि तरी अंधार पडायच्या आत सहा सुपं.
हे मात्र हातातून ओघळत होतं,
थंड, जड,
माठाखाली धरलेल्या ओल्या फडक्यासारखं.

दादांच्या दोन्ही पंजांत लडी अडकवली.
ब्याऐंशी वर्षांचे पंजे, थरथरते.
लडी आपोआप हलत राहिली,
मला गुंडा करायला सोपंच गेलं.
मधेच त्यांनी सूत नाकाशी नेलं.
"यात कळक कुठाय?"
म्हटलं, शिजवून लगदा करतात,
मग बारीक भोकांतून पाडतात, शेवेसारखा.
"म्हणजे मेला बिचारा," म्हणाले,
आणि लडी जरा जपून धरली.

स्टीलच्या सुयांवरून टाके सटकायचे,
कळव्याच्या खाडीत चिखलावरून निवटी सटकते तसे.
शेवटी माळ्यावरची जुनी कामटी काढली,
चार सुया तासल्या,
काचेच्या तुकड्यानं घासल्या, खोबरेल चोळलं.
मग बांबूनं बांबूला धरलं.

पहिली टोपी शहाण्णव टाक्यांची.
सकाळी भुवयांपर्यंत, संध्याकाळी नाकावर.
लोकर ताणली तर परत येते,
हे सूत ताणलं की गेलंच.
मी उसवत बसले, दादा बघत होते.
"कडेपासून सुरुवात कोण करतं?
आधी बूड धर.
पालथी टोपलीच आहे ही, शालन."

रविवारी नंदा आली तेव्हा तेच पुढे झाले.
टेपबिप काही नको, म्हणाले, वीत आहे.
नंदानं एकदा दाराकडे पाहिलं,
मग ओढणी काढून मांडीवर ठेवली.
दादांचा हात तिच्या डोक्यावर फिरला
आणि मी शपथेवर सांगते, थरथरला नाही.
"दोन विती, चार बोटं."
एवढंच बोलून आत गेले.

टाळूवर आठ टाके.
आठाचे सोळा, सोळाचे चोवीस,
दादांच्या वितीपाशी ऐंशीवर थांबले.
काठाला दोन सुलट, दोन उलट.

टोपी झाली त्या रात्री दादांनी विचारलं,
"किती घेणार?"
दादा, तिच्याकडून कसले घ्यायचे, मी म्हटलं.

ते उठून बसले.
दुकानात अपरात्री फळी वाजायची,
बाहेर कुणीतरी मान खाली घालून उभं असायचं.
दादा दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुंभ काढून द्यायचे.
भाव सांगायचे नाहीत.
समोरचा देईल ते न मोजता गल्ल्यात.
सुपाला मात्र, पाळण्याला, कोंबड्यांच्या डालग्याला
चार-चार आण्यांवरून तास-तास भांडायचे.

"बिनभावाचं सामान एकच असतं, पोरी.
टोपीचा भाव सांग.
चांगला चढा सांग."

दोन टोप्यांचे सहाशे, मी नंदाला सांगितलं.
जीभ जड झाली होती.
नंदानं टोपी डोक्यावर घातली, कानांवर ओढली,
कपाटाच्या आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.
"सहाशे? सूत माझं, आणि सहाशे?
लुटायला बसलीस का गं?
चारशेला दे."

पाचशे पन्नास, मी म्हटलं.

आतून दादा ओरडले, "पावणेसहाशे!"